दोराचें नेढें व त्याचें बळ : कांहीं नाविक ग्रंथांचें परीक्षण

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस कागद वाचण्याची जितकी संवय असते तितकी दोर वाचण्याची नसते. दोर हा वापरानें झिजावयाचा व दमट हवेनें कुजावयाचा पदार्थ. त्यामुळें तो जपून ठेवावा असें पूर्वीं फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. अलीकडे मात्र बुडालेलीं जहाजें वर काढून त्यांचा अभ्यास करण्याची पद्धति रूढ झाल्यापासून हें उपेक्षित साधनहि विचारांत घ्यावें लागत आहे. इंग्रजांची 'मेरी रोज' ही युद्धनौका १५४५ सालीं बुडाली व १९८२ सालीं तिचा सांगाडा वर आला. त्या शोधांत लांकूड, धातु व कातडें यांजबरोबर दोरहि हातीं आले.

असा दोर पुढें आला म्हणजे अभ्यासकाच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं तो केवढा भार सोशीत असेल? दोराचें बळ कसास लागतें तें बहुधा त्याच्या टोंकाशीं, म्हणजे जेथें तो कशास तरी अडकविलेला असतो तेथें. म्हणून टोंकाच्या नेढ्याचें बळ किती, हें ठरविण्यासाठीं अभ्यासक एखादें नाविक पुस्तक उघडतो, त्यांतील शेकडेवारी उचलतो व आपल्या निबंधांत नमूद करितो. ही शेकडेवारी कोणत्या दोराची, आणि ज्या नांवाखालीं ती छापली आहे त्या नांवाचा अर्थ त्या काळीं कोणता होता, ह्याची झडती सहसा घेतली जात नाहीं. ती घेण्याचा प्रयत्न पुढें केला आहे.

प्रथम शब्दांचा निर्णय करून घेऊं. तंतूंचें सूत होतें, सुतांचा पेड होतो, व बहुधा तीन पेड एकत्र वळून दोर होतो. प्रत्येक पायरीस पिळाची दिशा उलटते. ह्या उलटसुलट पिळांच्या परस्पर ओढीमुळेंच दोर आपोआप उकलत नाहीं. दोराच्या टोंकाशीं जें कायमचें छिद्र करितात त्यास येथें नेढें म्हटलें आहे. फासा व नेढें हीं एक नव्हेत : फासा ओढल्यानें आवळतो, नेढें आवळत नाहीं. नेढें गांठ मारूनहि करितां येतें; परंतु उकललेले पेड दोराच्याच अंगांत ओवून जें करितात त्यास इंग्रज खलाशी 'आय स्प्लाइस' असें म्हणतात. त्यास आपण नेढ्याची गुंफण म्हणूं.

तिची सामान्य रीति अशी. दोराचें टोंक हातभर उकलून तीन पेड मोकळे करावे. टोंक मागें वळवून नेढें हवें तेवढें ठेवावें. मग टोंकदार लांकडी खुंटीनें मुख्य दोराचा एकेक पेड उचलून त्याखालून मोकळा पेड ओवावा. तीन मोकळे पेड दोराच्या तीन निरनिराळ्या पेडांखालून, पिळाच्या विरुद्ध दिशेनें जावयास हवेत. तिन्ही एकदां ओवले म्हणजे एक फेरा झाला. पुढील फेऱ्यांत प्रत्येक मोकळा पेड एका पेडावरून व दुसऱ्याखालून जातो. शेवटीं कांहीं सूत कापून पेड बारीक करीत नेला म्हणजे गुंफण निमुळती होते. ह्यांत गांठ कोठेंच नाहीं. सर्व भिस्त घर्षणावर आहे. दोर ताणला कीं त्याचे पेड मोकळ्या पेडांस दाबून धरितात, व ताण वाढेल तसतशी ही पकड वाढते.

आतां ग्रंथांकडे वळूं. विल्यम फाल्कनर याचा नाविक शब्दकोश १७६९ सालीं प्रसिद्ध झाला. फाल्कनर हा स्वतः खलाशी व कवि; त्याच वर्षीं तो 'ऑरोरा' जहाजावर चढून हिंदुस्थानाकडे निघाला, व केप सोडल्यावर त्या जहाजाचा पुनः पत्ता लागला नाहीं. त्यानें गुंफणींचें वर्गीकरण उपयोगावरून केलें आहे. जो दोर कप्पींतून जावयाचा नाहीं त्यास आंखूड सांधा, जो जावयाचा आहे त्यास लांब व सडपातळ सांधा, आणि टोंकाशीं कडी बसवावयाची असल्यास नेढ्याची गुंफण, अशी त्याची दृष्टि. ही दृष्टि फार मोलाची आहे. गुंफण 'चांगली' कीं 'वाईट' हें ती कोठें वापरावयाची ह्यावांचून सांगतां येत नाहीं, हें त्यानें न बोलतां मान्य केलें आहे. पुढील पुस्तकांतून नेमका हाच विवेक हळूहळू सुटत गेला.

डेव्हिड स्टील याचा १७९४ चा द्विखंडात्मक ग्रंथ हा कारखान्याचा ग्रंथ आहे. डोलकाठ्या, दोर, शिडें व कप्प्या करण्याच्या कृति, आणि कोणत्या जहाजास कोणता दोर किती जाडीचा व किती लांबीचा लागतो ह्याचीं कोष्टकें, हें त्याचें मुख्य भांडार. डार्सी लीव्हर याचें १८०८ चें पुस्तक तरुण अधिकाऱ्यांसाठीं लिहिलेलें असून त्याचें सामर्थ्य आकृतींत आहे. समोरासमोर आकृति व विवरण ठेवण्याची त्याची पद्धति गुंफणीसारख्या विषयास अत्यंत अनुरूप होय. कारण कोणता पेड कोठून निघाला हें शब्दांनीं सांगूं गेल्यास दहा ओळी खर्चूनहि संशय उरतो, तो एका रेघेनें फिटतो. ज्यास जुनी गुंफण ओळखावयाची आहे त्यानें स्टीलपेक्षां लीव्हर आधीं पाहावा, असा आमचा अभिप्राय आहे.

सर्वांत उद्बोधक साक्ष मात्र अमेरिकन लेखक रिचर्ड हेन्री डाना याची आहे. हा गृहस्थ १८३४ ते १८३६ पर्यंत साधा खलाशी म्हणून राहिला, नंतर वकील झाला, व १८४१ सालीं त्यानें खलाशांसाठीं एक हस्तपुस्तक लिहिलें. त्यांत दोन प्रकारचीं नेढीं पाठोपाठ दिलीं आहेत. पहिल्यांत दोराचा एक पेड उकलून उरलेल्या दोन पेडांचें नेढें करितात, आणि उकललेला पेड उलट बाजूनें त्यांच्या मोकळ्या खाचेंत पुनः बसवीत आणितात. ह्यास तो 'फ्लेमिश' नेढें म्हणतो. दुसऱ्यांत दोर पेडापेडानें न थांबतां सुतासुतापर्यंत उकलून तीं सुतें एका लांकडी ठोकळ्याभोंवतीं अडकवितात व वरून बांधून काढितात. हें 'कृत्रिम' नेढें. इतकें सांगून डाना लगेच नमूद करितो, कीं ह्या दुसऱ्या प्रकारासच हल्लीं बहुधा 'फ्लेमिश' म्हणतात!

हस्तलिखितें जुळविणारांस ह्या एका टिपेचें महत्त्व सांगावयास नको. एकच नांव एकाच पानावर दोन वस्तूंस लागलेलें आहे, व तें एकीवरून दुसरीवर सरकत असतांना आपणांस दिसत आहे. ह्याच्याहि पुढची गंमत अशी, कीं आजच्या तारदोरांच्या धंद्यांत 'फ्लेमिश' नेढें म्हणजे तारदोराचे पेड दोन भागांत उकलून ते एकमेकांत उलटे वळविणें, म्हणजे डानाच्या पहिल्या प्रकाराचें जवळचें भावंड. तेव्हां एखाद्या जुन्या यादींत 'फ्लेमिश' नेढ्याचा उल्लेख सांपडला म्हणून त्यास आजच्या कोष्टकांतील 'फ्लेमिश' नेढ्याचे ९० किंवा ९५ टक्के बळ चिकटविणें हें समान नांवाच्या दोन पुरुषांस एक समजून वंशावळ लिहिण्यासारखें आहे. आजचा तो आकडा पोलादी तारेचा आहे, व त्यावर धातूची नळी यंत्रानें दाबून बसविलेली असते. डानाच्या खलाशाजवळ ना ती तार होती ना तें यंत्र.

आतां आंकड्यांची परीक्षा करूं. इंग्रजी नाविक पुस्तकांतून, गुंफणीनें दोराचें बळ अष्टमांशानें घटतें, असें एक ठोकळ मान दीर्घकाळ चालत आलें आहे. दुसरें साधन म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून यंत्रविद्येच्या हस्तपुस्तकांतून छापलें जाणारें कोष्टक. त्यांत अखंड दोराचें बळ १०० धरिलें तर लोखंडी कडीवर केलेल्या नेढ्याच्या गुंफणीस ९०, आंखूड सांध्यास ८०, कांहीं अडकवणींस ६० ते ६५, व साध्या गांठींस ५० ते ४५ असे आंकडे दिलेले असतात. गुंफण गांठीपेक्षां बळकट हा ह्यांतील मुख्य निष्कर्ष निर्विवाद आहे. गांठींत दोर आपल्याच जाडीइतक्या लहान वळणावर मुडपतो; वळणाच्या बाहेरील तंतूंवर सर्व ताण पडतो व आंतील तंतु आळशी राहतात. गुंफणींत असा कडक मोड कोठेंच येत नाहीं.

परंतु ९० हा आकडा कशाचा आहे? कोष्टकांत स्पष्टपणें कडीचा उल्लेख आहे. ही कडी म्हणजे बाहेरच्या अंगानें पन्हळ असलेलें लोखंडी वळें; दोर त्या पन्हळींत बसतो, व त्यामुळें नेढ्याचें वळण मोठें राहतें आणि घर्षणानें दोर झिजत नाहीं. अनेक पुस्तकांनीं हा आकडा उतरून घेतांना कडी गाळली. मूळ प्रतींतील एक अट नकलकारानें सोडावी व पुढील सर्व प्रतींत ती सुटावी, त्यांतलाच हा प्रकार.

नेढ्याच्या गुंफणीस ९० व आंखूड सांध्यास ८० असा भेद कां पडावा, ह्याचें कारण सांगितलें म्हणजे आंकड्यांचें मर्म ध्यानांत येईल. आंखूड सांध्यांत दोन निरनिराळ्या दोरांचीं टोंकें एकमेकांत ओवलेलीं असतात; तेव्हां एका दोराचा संपूर्ण भार घर्षणाच्या द्वारें दुसऱ्यांत जावा लागतो. नेढ्याचें तसें नाहीं. नेढ्याच्या दोन भुजा भार वांटून घेतात. त्यांपैकीं एक भुजा मुख्य दोराचीच अखंड पुढची वाट आहे, व ओवलेल्या पेडांकडे केवळ दुसऱ्या भुजेचा वांटा, म्हणजे सुमारें अर्धा भार, येतो. म्हणून थोड्या फेऱ्यांनींहि नेढें टिकतें. मग दोर तुटतो कोठें? बहुधा गुंफणीच्या शेवटच्या फेऱ्याशीं. तेथें मुख्य दोरावर सगळा भार असतो, त्याचे पेड ओवणीनें जागेवरून ढळलेले असतात, आणि जाड, ताठ गुंफण एकाएकीं संपून मऊ दोर सुरू होतो. गुंफण निमुळती करण्याची रीति ह्या एकाएकींपणावरचा उपाय आहे. कित्येक लेखक तिला केवळ शोभा समजतात, तें बरोबर नाहीं.

भुजांचा हिशेब आणखी एका कारणानें महत्त्वाचा आहे. दोन भुजांमधील कोन ६० अंश असतां प्रत्येक भुजेवर एकंदर भाराचे सुमारें ५८ टक्के येतात. तोच कोन १२० अंशांपर्यंत फांकला तर प्रत्येक भुजेवर संपूर्ण भाराइतका ताण येतो, व गुंफणीचा गळा उसवूं लागतो. म्हणून अमेरिकेच्या श्रमिक-सुरक्षेच्या नियमांत नेढें एवढें मोठें असावें कीं कोन ६० अंशांपेक्षां अधिक होऊं नये, असें घातलें आहे. त्याच नियमांत मनिला दोरास निदान तीन पूर्ण फेरे व कृत्रिम तंतूच्या वळीव दोरास निदान चार पूर्ण फेरे सांगितले आहेत, आणि गुंफणीच्या जागीं गांठ चालणार नाहीं असेंहि बजाविलें आहे. नायलॉनादि तंतु गुळगुळीत असल्यामुळें त्यांची पकड कमी. म्हणून फेरा अधिक. ह्यावरून तंतु बदलला कीं गुंफणीचें शास्त्र बदलतें, हें उघड होतें. डानाचे दोर मुख्यतः डांबर पाजलेल्या अंबाडीवजा तागाचे, त्यानंतर प्रचारांत आलेले मनिला दोर अबाका नामक केळीच्या जातीच्या झाडाचे, आणि आपल्या किनाऱ्यावरचे जुने दोर पुष्कळदां काथ्याचे. काथ्या पाण्यावर तरंगतो व ताणला असतां बराच लांबतो, परंतु त्याचें बळ तागापेक्षां कमी. ह्या तिहींस एकच अष्टमांश लावणें सयुक्तिक नाहीं.

पद्धतींतील भेदहि लक्षांत घ्यावयास हवा. शीड शिवणारांची गुंफण पिळाच्या विरुद्ध न जातां पिळाच्याच दिशेनें जाते. प्रत्येक मोकळा पेड दोराच्या एकाच पेडाभोंवतीं पुनः पुनः गुंडाळला जातो. ती दिसावयास फार सुबक असते, व दोराचा पीळ वरून अखंड वाटतो. शिडाच्या कांठास शिवलेल्या दोरास ती योग्य. कारण तेथें शिवण आधाराला असते व दोर गरगर फिरूं शकत नाहीं. पण भार टांगलेल्या, मोकळा फिरणाऱ्या दोरास ती धोक्याची. दोराचा पीळ सुटूं लागला कीं तिचीहि पकड सुटूं लागते. लोखंडी तारदोर जर्मनींत क्लाउस्थाल येथें विल्हेल्म आल्बर्ट यानें १८३४ सालीं प्रचारांत आणिल्यानंतर त्यासहि गुंफणी घालूं लागले. त्यांपैकीं लिव्हरपूलच्या नांवानें ओळखली जाणारी गुंफण ह्याच तत्त्वावर आहे, व भार फिरता असल्यास ती वापरूं नये असाच तिजविषयीं इशारा आहे. हातानें ओवलेल्या तारदोराच्या नेढ्याची शेकडेवारीहि एक नाहीं. बारीक तारदोरास सुमारें ९० असलेला आकडा जाडी वाढतां वाढतां ८० पर्यंत उतरतो.

येथें क्लिफर्ड अ‍ॅश्ले याच्या १९४४ च्या महाग्रंथाचा विचार करणें प्राप्त आहे. अकरा वर्षांच्या श्रमानें सिद्ध झालेल्या ह्या ग्रंथांत गांठी व गुंफणी यांच्या सुमारें ३,९०० नोंदी असून प्रत्येकीस क्रमांक आहे. हा चित्रकार स्वतः देवमासे मारणाऱ्या जहाजावर जाऊन आलेला होता. त्याचा सर्वांत मोठा गुण असा, कीं गांठीचें बळ व गांठीचा भरंवसा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें त्यानें स्वच्छ ओळखलें. दोर तुटेपर्यंत गांठीनें किती भार सोसला हें बळ. गांठ निसटते कीं टिकते हा भरंवसा. भरंवसा पाहण्यासाठीं त्यानें निसरड्या धाग्यावर गांठी घालून त्यांस यंत्रानें हिसडे दिले व कितव्या हिसड्यास त्या सुटतात हें मोजलें. हाच भेद गुंफणीस लाविला तर वरील वाद मिटतो. शीड शिवणाऱ्याची गुंफण सरळ ताणांत बळकट ठरेल, पण फिरत्या भाराखालीं तिचा भरंवसा नाहीं. एका आंकड्यांत ह्या दोहोंचा निकाल लागूं शकत नाहीं. ह्या ग्रंथाचा दोष त्याच्या गुणांतूनच उद्भवला आहे. प्रत्येक नोंदीस क्रमांक मिळाल्यामुळें लोक क्रमांक सांगूनच थांबतात, आणि तो प्रकार कोणत्या देशांत व कोणत्या शतकांत प्रचारांत होता हा इतिहासाचा प्रश्न तसाच राहतो. सूचीचा क्रमांक म्हणजे काळनिर्णय नव्हे, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस पुनः सांगावयास नको.

कोणी म्हणेल, ठोकळ आंकड्यानें खलाशाचें काम शतकानुशतकें चाललें, मग एवढी चिकित्सा कशास? उत्तर असें, कीं खलाशी दोर तुटण्याच्या मर्यादेपर्यंत ताणीतच नसे. तुटण्याच्या भाराचा लहानसा अंशच तो दोरावर टाकी. त्याच्या दृष्टीनें अष्टमांश हा सावधगिरीचा नियम होता, व त्या कामास तो पुरेसा होता. इतिहासकार मात्र त्याच नियमास मोजणी समजून त्यावर पुढील अनुमानें रचितो : इतका दोर, म्हणून इतकें शीड, म्हणून इतका वेग. पायाच्या दगडांतच चूक असली तर वरचे मजले कितीहि कुशलतेनें चढविले तरी व्यर्थ होत.

ह्या विवेचनाचा संग्राहकांस उपयोग काय? पहिली गोष्ट अशी, कीं नेढ्यावरील बांधणी सोडूं नये. जुन्या गुंफणी बहुधा डांबरी कापडानें वेढून वर बारीक दोरीनें गुंडाळलेल्या असतात. आंत किती फेरे आहेत हें पाहण्याच्या मोहानें ती गुंडाळी उलगडली तर जें पाहावयाचें तेंच नष्ट होतें. क्ष-किरणांचें साधन आज उपलब्ध आहे. दुसरी गोष्ट, वर्णनांत प्रचलित नांव लिहून थांबूं नये. तंतु कोणता, पेड किती, पीळ उजवा कीं डावा, ओवणी पिळाविरुद्ध कीं पिळाबरोबर, कडी आहे कीं नाहीं, गुंफण निमुळती आहे कीं बोथट, हें सर्व टिपावें. नांव मागाहून ठरवितां येईल. तिसरी गोष्ट, दोराच्या पोटांत पाहावें. इंग्रजांच्या सरकारी गोदींत चोरी ओळखतां यावी म्हणून दोर वळतांनाच त्यांत निराळ्या रंगाचें एक सूत घालीत, व तें गोदीगोदीगणिक वेगळें असे. कागदावर शिक्का तसें हें दोरांतील सूत. आणि शिक्क्यापेक्षां तें बनावट करणें कठीण.

शेवटीं आपल्याकडील एका कामाकडे लक्ष वेधावयाचें आहे. हिंदी खलाशांच्या बोलीचा कोश कॅप्टन टॉमस रोबक यानें १८११ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला, व त्याचीच सुधारून वाढविलेली आवृत्ति जॉर्ज स्मॉल यानें १८८२ सालीं लंडनांत काढली. ते कोश साहेब अधिकाऱ्यांस हुकूम देतां यावा म्हणून रचलेले आहेत. खलाशी स्वतःच्या हातच्या कामास काय म्हणे, हें नोंदविणें हा त्यांचा हेतु नव्हता. रत्नागिरी व मालवण ह्या बाजूचे पुष्कळ दर्यावर्दी मुंबईच्या बंदरांतून पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर चढले. त्यांच्या घरांत अजूनहि दोर वळणारे व ओवणारे वृद्ध हात असतील, तर त्यांच्याकडून एकेक गुंफण प्रत्यक्ष करवून घ्यावी, तिचें नांव त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावें, आणि तो दोर नांवासह जपून ठेवावा. ह्या लेखांत 'नेढें' व 'गुंफण' हे शब्द सोयीसाठीं योजिले आहेत. त्यांच्याहून नेमके शब्द त्या घरांतून मिळाल्यास हे टाकून देण्यांत आम्हांस आनंदच होईल.